इंग्रजी निबंधातले लिंकिंग वर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयईएलटीएस (परदेशी जाणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) देण्यासाठी रायटिंगची तयारी करणारी मुलं मला सगळ्यात जास्त प्रश्न लिंकिंग वर्ड्सबद्दल विचारतात. अधूनमधून यूपीएससी-एमपीएससीवाल्यांचेही येतात. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा. जोडणीतली चूक डोळ्यांआधी कानाला कळते.

१. लिंकिंग वर्ड्स म्हणजे कंजंक्शन्सच ना?

कंजंक्शन्स (उभयान्वयी अव्ययं) हा त्यातला एक गट. दोन वाक्यांचं किंवा दोन मुद्द्यांचं नातं सांगणारा कुठलाही शब्द लिंकिंग वर्डच. परीक्षेपुरते तीन गट ओळखता आले तरी पुरे.

पहिल्या गटातले शब्द दोन वाक्यांची गाठ मारून एक वाक्य करतात: बट, सो, बिकॉज, ऑल्दो, व्हाइल, व्हेअरॲज. दुसऱ्या गटातले शब्द गाठ मारत नाहीत. आधीचं वाक्य संपतं आणि हे पुढच्या वाक्यात येऊन मागचा धागा धरतात: हाउएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, फॉर एक्झाम्पल. तिसऱ्या गटापुढे पूर्ण वाक्य येतच नाही, फक्त नाम येतं: डिस्पाइट, बिकॉज ऑफ, ड्यू टू, इन्स्टेड ऑफ.

'बट', 'हाउएव्हर' आणि 'डिस्पाइट' तिघंही विरोधच दाखवतात, पण राहतात वेगवेगळ्या घरांत. एका घरातला शब्द दुसऱ्या घरात नेऊन बसवला की व्याकरण बिघडतं. (प्रश्न ७ आणि ८ पाहा.)

२. क्लासमध्ये शंभर लिंकर्सची (म्हणजे लिंकिंग वर्ड्सची) यादी दिली आहे. सगळी पाठ करू का?

नको. अडीचशे-तीनशे शब्दांच्या निबंधाला पंधरा-वीस शब्द पुरून उरतात.

या याद्यांचा त्रास असा की 'विरोध' असं शीर्षक देऊन खाली हाउएव्हर, ऑन द कॉन्ट्ररी, नेव्हरदलेस, कॉन्व्हर्सली असे सगळे एका चौकटीत कोंबलेले असतात, जणू कुठलाही उचलावा आणि वापरावा. प्रत्यक्षात प्रत्येकाचं काम वेगळं आहे. यादी पाठ केलेल्या मुलाला शब्द येतो, नातं येत नाही.

त्यापेक्षा आधी मराठीत विचारा: या दोन वाक्यांच्या मध्ये मी काय म्हणालो असतो? पण? म्हणून? शिवाय? उदाहरणार्थ? तरीही? त्याला इंग्रजीत खात्रीचे दोन-दोन शब्द तयार ठेवा. आणि मध्ये म्हणण्यासारखं काहीच सुचत नसेल, तर त्या दोन वाक्यांना शेजारी बसवणं हीच चूक झाली आहे. तिथे कुठलाही शब्द उपयोगी पडत नाही.

३. आयईएलटीएसमध्ये लिंकिंगला मार्क किती?

रायटिंग चार निकषांवर तपासतात आणि चौघांचं वजन सारखं असतं: टास्क रिस्पॉन्स (प्रश्नाला दिलेलं उत्तर), कोहेरन्स अँड कोहिजन (सुसंगती आणि जोडणी), लेक्सिकल रिसोर्स (शब्दसंपत्ती), ग्रामॅटिकल रेंज अँड ॲक्युरसी (व्याकरण). लिंकिंग दुसऱ्या निकषात येतं, पण तिथेही ते एकटं नसतं. मुद्द्यांचा क्रम, परिच्छेदांची आखणी, सर्वनामांचा वापर हे सगळं त्याच खात्यात.

प्रत्येक बँडची (म्हणजे गुणांच्या पातळीची, नववी सगळ्यात वरची) वर्णनं सर्वांसाठी उपलब्ध आहेत, ती एकदा शांतपणे वाचाच. पाचव्या बँडच्या वर्णनात जोडशब्दांच्या अतिवापराचा उल्लेख आहे. सहाव्यात जोडणी यांत्रिक वाटू शकते असं म्हटलं आहे. नवव्याचा मतितार्थ असा, की जोडणीकडे वाचणाऱ्याचं सहसा लक्षच जात नाही. म्हणजे वरच्या बँडला लिंकर्स वाढत नाहीत, दिसेनासे होतात.

टास्क टू म्हणजे निबंध. तो किमान २५० शब्दांचा, त्याला साधारण ४० मिनिटं द्यायची, आणि त्याचं वजन टास्क वनच्या (आलेखाचं वर्णन किंवा पत्र) दुप्पट. त्यामुळे या पानावर मुख्यतः टास्क टूचाच विचार केला आहे.

४. प्रत्येक वाक्य लिंकरनं सुरू केलं तर एक्झामिनर खूश होईल ना?

नाही. हा नमुना बघा. असे परिच्छेद आठवड्याला चार-पाच तरी हातात येतात:

'फर्स्टली, बसेस आर चीप. मोरओव्हर, दे कॅरी मेनी पीपल. फर्दरमोर, देअर इज लेस ट्रॅफिक. इन ॲडिशन, द एअर बिकम्स क्लीन. देअरफोर, द गव्हर्नमेंट शुड बाय बसेस.'

व्याकरण ठीक आहे. आता लिंकर्सच्या जागी मराठी शब्द घालून वाचा: शिवाय, शिवाय, शिवाय. एका बसमध्ये पुष्कळ माणसं बसतात, *म्हणून* रस्त्यावर गाड्या कमी होतात, *म्हणून* हवा सुधारते. ही कार्यकारणाची साखळी आहे. लिहिणाऱ्यानं ती बाजाराच्या यादीसारखी लिहिली. मुद्दे त्याच्याकडे होते, नातं मात्र चुकीचं सांगितलं.

तोच मजकूर असा करता येईल:

'अ सिंगल बस कॅन रिप्लेस डझन्स ऑफ टू-व्हीलर्स. अ सिटी विथ मोअर बसेस देअरफोर हॅज फ्यूअर व्हेइकल्स ऑन इट्स रोड्स, अँड धिस ड्रॉप इन ट्रॅफिक मेक्स द एअर क्लीनर.'

जोडणी तीन ठिकाणी आहे: 'देअरफोर', 'अँड', 'धिस ड्रॉप'. एकही वाक्याच्या तोंडाशी नाही. बस स्वस्त असते हा मुद्दा मी काढून टाकला, कारण तो या साखळीतला नाही. त्याला वेगळा परिच्छेद द्या.

माझ्या स्वतःच्या जुन्या सरावाच्या वहीत एका पानावर 'मोरओव्हर' चार वेळा आहे. तेव्हा मला ते फार भारदस्त वाटायचं.

५. मी मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिते. त्यामुळे लिंकिंगच्या चुका होतात का?

मराठीत विचार करायला काहीच हरकत नाही. अडचण येते ती एकाच गोष्टीची: मराठी जोडीनं बोलते. जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, ज्याअर्थी-त्याअर्थी. इंग्रजी बहुतेक ठिकाणी एकाच शब्दावर भागवते. आपण मात्र सवयीनं दुसराही शब्द सोबत नेतो.

'ऑल्दो द फीज आर हाय, बट स्टुडंट्स गो अब्रॉड.' इथे जरी आणि तरी दोन्ही उतरले. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'ॲज द रोड्स आर नॅरो, सो देअर इज ट्रॅफिक' याचंही तेच, 'सो' काढा.

सगळ्यात चिवट चूक 'जोपर्यंत'ची. 'जोपर्यंत सरकार काही करत नाही, तोपर्यंत काही बदलणार नाही.' मराठीत दोन्हीकडे 'नाही' लागतं, त्याशिवाय वाक्य नीट वाटतच नाही. त्यावरून लिहिलं जातं: 'अन्टिल द गव्हर्नमेंट डझ नॉट ॲक्ट, नथिंग विल चेंज.' अर्थ पार उलटा झाला, सरकारनं हातपाय हलवू नयेत म्हणजे सगळं बदलेल असा काहीसा. बरोबर वाक्य: 'अन्टिल द गव्हर्नमेंट ॲक्ट्स, नथिंग विल चेंज.' 'अनलेस'मध्येही नकार आतच असतो, 'अनलेस वी डोन्ट' लिहू नका.

'इफ'नंतर 'देन' चुकीचं नाही, पण निबंधात बहुतेक वेळा नुसतंच जागा अडवतं.

इंग्रजीतही काही खऱ्या जोड्या आहेत आणि त्या मोडायच्या नाहीत: 'नॉट ओन्ली – बट ऑल्सो', 'आयदर – ऑर', 'बोथ – अँड'. 'बोथ' लिहून पुढे 'ॲज वेल ॲज' घालणारे पुष्कळ भेटतात. तिथे 'अँड'च हवं.

६. पण 'ऑल्दो'सोबत 'येट' किंवा 'स्टिल' चालतं असं वडील म्हणतात.

वडिलांचं अगदीच चूक नाही. 'दो – येट' ही जोडी जुन्या इंग्रजीत भरपूर सापडते आणि आपल्याकडच्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांतूनही ती शिकवली गेली आहे. आज परीक्षेत मात्र टाळा.

'स्टिल'ची गोष्ट वेगळी. 'ऑल्दो द फीज आर हाय, स्टुडंट्स स्टिल गो अब्रॉड' हे शुद्ध आहे. इथे 'स्टिल' दोन वाक्यं जोडत नाही, क्रियापदाला चिकटून 'तरीसुद्धा'चा जोर देतं. मराठी कानाला 'तरी' हवंच असेल तर ही सोय आहे.

७. 'बट' आणि 'हाउएव्हर' एकच, मग 'हाउएव्हर' लिहिलं की सर लाल गोल का करतात?

गोल शब्दाला नसतो, त्याच्या आधीच्या स्वल्पविरामाला असतो. 'द फीज आर हाय, बट स्टुडंट्स गो अब्रॉड' बरोबर. 'द फीज आर हाय, हाउएव्हर स्टुडंट्स गो अब्रॉड' चूक. 'हाउएव्हर' दुसऱ्या गटातला (प्रश्न १), तो वाक्यं बांधत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम. 'देअरफोर' आणि 'मोरओव्हर'ही आधी स्वल्पविराम देऊन दोन वाक्यं जोडू शकत नाहीत.

मराठी माणसाला 'हाउएव्हर' खरं तर सोपा जायला हवा, कारण आपल्याकडे 'मात्र' आहे. 'फी वाढली. विद्यार्थी मात्र जातच आहेत.' 'मात्र' जसं कर्त्यानंतर बसतं, तसंच 'हाउएव्हर'ही बसतं: 'स्टुडंट्स, हाउएव्हर, कंटिन्यू टू गो अब्रॉड.' दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. वाक्याच्या सुरुवातीला ठेवण्यापेक्षा हे कितीतरी सहज वाचलं जातं.

अपवाद एक: 'हाउएव्हर हार्ड दे ट्राय' इथे त्याचा अर्थ 'कितीही' असा आहे. मध्ये स्वल्पविराम नाही.

८. 'डिस्पाइट ऑफ' बरोबर की नुसतं 'डिस्पाइट'?

नुसतं 'डिस्पाइट'. 'ऑफ' हे 'इन स्पाइट ऑफ'मधलं आहे, दोघांची खिचडी करू नका. दोन्हींपुढे नाम किंवा 'इंग'वालं रूप येतं: 'डिस्पाइट हाय फीज', 'डिस्पाइट हॅविंग अ डिग्री'. 'डिस्पाइट द फीज आर हाय' चूक, तिथे 'ऑल्दो' हवं. 'डिस्पाइट द फॅक्ट दॅट' शुद्ध आहे, पण चार शब्द खर्च करून 'ऑल्दो'चंच काम करतं.

'बिकॉज' आणि 'बिकॉज ऑफ' यांचं नातंही हेच.

९. 'ऑन द कॉन्ट्ररी' आणि 'ऑन दि अदर हँड' यांत गोंधळ होतो.

होणारच, कारण मराठीत 'उलट' दोन कामं करतं. 'शहरात पाणी रोज येतं, खेड्यात उलट आठवड्यातून एकदा.' ही तुलना झाली. 'तो आळशी नाही, उलट सगळ्यांच्या आधी कामाला लागतो.' हे खंडन झालं.

'ऑन द कॉन्ट्ररी' फक्त खंडनासाठी. आधी काहीतरी नाकारलेलं हवं. शहर आणि खेड्याच्या वाक्यात 'बाय कॉन्ट्रास्ट' किंवा 'व्हेअरॲज' वापरा. 'ऑन दि अदर हँड' एकाच प्रश्नाची दुसरी बाजू मांडताना येतं: घरून काम केल्यानं प्रवास वाचतो, दुसरीकडे माणूस एकटा पडतो. त्याआधी 'ऑन द वन हँड' लिहिलंच पाहिजे असं नाही.

चटकन ओळखायची खूण: मागच्या वाक्यात 'नाही' आहे का? नसेल तर 'ऑन द कॉन्ट्ररी'कडे संशयानं बघा.

१०. 'शेवटी'ला 'ॲट लास्ट' लिहिलं तर काय बिघडलं?

'ॲट लास्ट' म्हणजे 'अखेर एकदाचं'. खूप वाट पाहून काहीतरी झालं की म्हणतात. 'ॲट लास्ट, आय थिंक दॅट…' वाचताना एक्झामिनरला वाटतं, हा निबंध संपवून 'सुटलो बुवा' म्हणतोय.

शेवटचा मुद्दा असेल तर 'फायनली' किंवा 'लास्टली'. समारोप असेल तर 'इन कन्क्लूजन'. बऱ्याच घडामोडींनंतर काय झालं हे सांगायचं असेल तर 'इन दि एन्ड'. कशाच्या तरी टोकाशी, तर 'ॲट दि एन्ड ऑफ' आणि पुढे नाम. आपला एक शब्द, त्यांची पाच खाती.

'सुरुवातीला'चंही असंच: 'ॲट फर्स्ट' म्हणजे आधी तसं होतं, मग बदललं. पहिला मुद्दा सांगायचा असेल तर 'फर्स्टली' किंवा साधं 'फर्स्ट'.

'लास्ट बट नॉट द लीस्ट' स्नेहसंमेलनाच्या आभारप्रदर्शनासाठी राखून ठेवा.

११. 'म्हणजे'साठी 'मीन्स' लिहिते. चालेल?

बोलताना आपण सगळेच म्हणतो: 'मीन्स, ही डिडन्ट कम.' लिहिताना नाही. 'मीन्स' क्रियापद आहे, त्याला कर्ता हवा: 'धिस मीन्स दॅट…'. नुसता खुलासा करायचा असेल तर 'दॅट इज' किंवा 'इन अदर वर्ड्स'. पण आधीचं वाक्य खरंच अवघड असेल तरच. सोप्या वाक्यानंतर 'इन अदर वर्ड्स' आलं की तेच पुन्हा ऐकायला लागणार हे वाचणाऱ्याला कळतं.

१२. 'बिकॉज', 'अँड', 'बट' यांनी वाक्य सुरू करायचं नाही असं शाळेत शिकवलं होतं.

'बिकॉज'नं खुशाल सुरू करा, फक्त मुख्य वाक्य विसरू नका. 'बिकॉज द फीज आर हाय, मेनी फॅमिलीज टेक लोन्स' पूर्ण आहे. 'बिकॉज द फीज आर हाय.' एवढ्यावर पूर्णविराम दिला तर ते लटकतं. मुलं 'का?' या प्रश्नाला तेवढंच उत्तर लिहून मोकळी होतात, म्हणून शाळेत सरसकट बंदी घातली जाते.

'अँड' आणि 'बट'नं वाक्य सुरू करणं व्याकरणात चूक नाही, छापील इंग्रजीत रोज दिसतं. परीक्षेच्या औपचारिक निबंधात एखाद्या वेळेपलीकडे नको.

खरी डोकेदुखी 'व्हेअरॲज'ची आहे. 'व्हेअरॲज, इन व्हिलेजेस देअर इज नो वॉटर.' दोन चुका: त्याच्यानंतर स्वल्पविराम येत नाही आणि तो एकटा उभा राहत नाही. दुसरं अर्ध वाक्य त्याच पूर्णविरामाच्या आत हवं.

१३. 'फॉर एक्झाम्पल'नंतर नुसतं नाव लिहिलं तर?

अर्धवट राहतं. 'फॉर एक्झाम्पल, मुंबई.' असं नको. क्रियापदासह पूर्ण वाक्य लिहा. नावंच द्यायची असतील तर मागच्या वाक्यातच 'सच ॲज' वापरा, आणि मग शेवटी 'एटसेट्रा' नको. 'सच ॲज' म्हटलं की ही काही उदाहरणं आहेत हे कळलेलंच असतं.

१४. 'इव्हन दो' की 'इव्हन इफ'?

गोष्ट खरी असेल तर 'दो', कल्पनेतली असेल तर 'इफ'. 'पाऊस पडतोय तरी जाऊ' आणि 'पाऊस पडला तरी जाऊ' यांत जो फरक आहे, तोच.

१५. लिंकर न वापरता वाक्यं जोडता येतात का?

येतात, आणि सात बँडच्या वर जायचं असेल तर हेच शिकायचं असतं.

पहिली युक्ती: 'धिस' आणि पुढे एक नाम. मराठीत आपण हे रोज करतो. 'गेल्या काही वर्षांत भाडी दुपटीनं वाढली. ही वाढ…', 'मुलं रात्री उशिरापर्यंत जागतात. या सवयीमुळे…'. इंग्रजीतही 'धिस राइज', 'धिस हॅबिट', 'धिस शॉर्टेज', 'धिस ॲप्रोच'. नुसतं 'धिस' ठेवलं तर मागच्या तीन वाक्यांतलं नेमकं काय, हे वाचणाऱ्याला शोधावं लागतं. नाम नेमकं निवडलं तर मार्क शब्दसंपत्तीच्या खात्यातही पडतात.

दुसरी युक्ती अंताक्षरीची. मागचं वाक्य जिथे संपलं, तिथून पुढचं उचला. 'मेनी यंग पीपल मूव्ह टू पुणे फॉर वर्क. द वर्क दे फाइंड, दो, इज ऑफन टेम्पररी.' मध्ये कुठला भारी शब्द नाही, तरी धागा तुटत नाही.

१६. टास्क वनच्या आलेखातही हेच लिंकर्स वापरायचे का?

अकॅडेमिक (उच्च शिक्षणासाठीच्या) प्रकारात तुलनेचे वापरा: व्हाइल, व्हेअरॲज, बाय कॉन्ट्रास्ट, फॉलोड बाय. 'बिकॉज' आणि 'देअरफोर' शक्यतो दूर ठेवा. आलेख किती वाढलं ते दाखवतो, का वाढलं ते दाखवत नाही. कारण लिहिलंत म्हणजे ते मनानं रचलंत.

१७. यूपीएससीच्या निबंधाला हे लागू पडतं का?

मुख्य परीक्षेचा निबंधाचा पेपर २५० मार्कांचा, तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. तिथे आयईएलटीएससारखी बँडची जाहीर वर्णनं नाहीत. निबंध लांब असल्यानं वाक्यावाक्यांपेक्षा परिच्छेदापरिच्छेदांतली जोडणी महत्त्वाची ठरते. परिच्छेदाचं पहिलं वाक्य मागच्या परिच्छेदाच्या शेवटाला हात लावतंय का, ते बघा. प्रश्न १५ मधली अंताक्षरी इथे जास्त कामाची. हा पेपर मराठीतही लिहिता येतो, आणि तिथेही 'तसेच… तसेच… त्याचप्रमाणे…' अशी रांग लावणारे कमी नाहीत.

सक्तीच्या इंग्रजीच्या पेपरला फक्त पात्र व्हायचं असतं, म्हणून तिथे प्रश्न ५ ते ८ मधल्या चुका टाळल्या तरी काम होतं.

१८. शेवटच्या पाच मिनिटांत लिंकिंगचं काय तपासू?

नुसती वाक्यांची सुरुवात वाचत खाली या. लागोपाठ दोन वाक्यं 'शब्द, स्वल्पविराम' अशी सुरू होत असतील तर एकीतला शब्द खोडा. खोडल्यावर अर्थ तसाच राहिला, तर तो शब्द तिथे नकोच होता. मग 'ऑल्दो' शोधा आणि त्याच वाक्यात 'बट' लपलंय का बघा. 'अन्टिल' आणि 'अनलेस'च्या पुढे 'नॉट' शोधा. 'हाउएव्हर'च्या आधी काय आहे ते बघा. वेळ उरलाच तर एखादं उघडं 'धिस' धरा आणि त्याच्यापुढे नाम लिहा. कागदावर परीक्षा असेल तर एक सरळ रेघ मारून खोडलं तरी चालतं.